डोळे न मिटणारी बाई

सांगलीला एका रुग्णालयात मी हात तपासायचं काम करायचे, तेव्हाची गोष्ट. जतकडची एक मेंढपाळ बाई हात दाखवायला आली होती, सोबत सासरा होता. तिचं वय पस्तिशीचं. उजव्या तळहातावर आडवा, जाड, लालभडक व्रण. नसा शिवून चार महिने झाले होते. बोटांना स्पर्श कितपत कळतो, ते मला बघायचं होतं. त्यासाठी कमीजास्त जाडीचे नायलॉनचे दोरे असतात. दोरा टेकवायचा आणि पेशंटनं डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं.

“डोळे मिटा, ताई.”

“न्हाई.”

“बघून सांगितलंत तर मला खरं कसं कळणार?”

“मीट की गं,” सासरा म्हणाला. “म्याडम काय खात्यात व्हय तुला?”

तिनं मिटले. तर्जनी झाली, मधलं बोट झालं, ती गप्पच. मग मी अंगठ्याच्या बुडाशी दोरा टेकवला. तिथली जाणीव शाबूत होती. तिचा डावा हात फाडकन माझ्या कानशिलात बसला. चष्मा उडाला. काही कळायच्या आत तिनं माझा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. सासऱ्यानं तिला ओढून बाजूला केलं. माझ्या ओठातून रक्त येत होतं.

ती खाली बसली.

“भर दुपारी आलं हुतं, म्याडम. तिघं, पिकअप घिऊन. मी बाभळीखाली डोळं मिटून पडल्याली. उठून बघती, तर कुत्र्याचं डोस्कं फोडल्यालं आन् मेंढरं गाडीत कोंबत्यात. मामंजी आडवं गेलं. एकानं त्यांच्या मानंवर कोयता उगारला. मी पातंच धरलं. त्यानं वढलं, मी सोडलं न्हाई. परत वढलं. हाडावर घासल्याला आवाज आला.”

“मग?”

“मग डाव्या हातानं धोंडा घेतला. त्याचं तोंड ठेचलं. दात पडलं, तरी मी ठेचत हुती.”

सासरा जमिनीकडं बघत होता.

मी ओठ धुऊन आले. एका पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि तिचा हात त्यातून पलीकडं घेतला. आता डोळे उघडे राहिले तरी चालणार होतं. ती दाराकडं बघत बसली. सर्वांत जाड दोरा मधल्या बोटाला टेकला, तेव्हा म्हणाली, “लागलं. मुंग्या चावल्यावानी.” तर्जनीला काहीच कळत नव्हतं. तिच्या टोकाला भाजल्याचा फोड होता. तव्याला चिकटलेलं बोट तिला वास आल्यावर कळलं होतं. काही गरम आहे का, ते डाव्या हातानं बघत जा, असं मी तिला बजावलं.

वर्षभरात ती आणखी तीनदा आली. तर्जनीला हळूहळू गरम-गार कळायला लागलं. शेवटच्या वेळी म्हणाली, ते तिघं जामिनावर सुटलेत, बाजारात दिसतात.

“मग मेंढरं चरायला कोण नेतं?”

“मीच की. कोयता हाय कंबरंला. डाव्या हातानं चालवाया शिकलीया.”