फाटकाबाहेरचा चहा

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. त्याचा टेंपो सकाळी नऊला कारखान्याच्या दारात लागायचा, तो साडेनऊ झाले तरी आला नव्हता. येऊ दे, आज सगळ्यांसमोर बोलतो, असं ठरवून मी खुर्ची दारात ओढून बसलो होतो. फोनवर त्याचा मुलगा होता. म्हणाला, "आप्पा, अब्बा गेले. सकाळची नमाज झाली, जरा पडतो म्हणाले..." आणि मी त्याला काय म्हणालो, तर "मग टेंपो कोण आणतंय?" तोंडातून निघून गेलं. पोरगं शहाणं, रागावलं नाही. म्हणालं, "टेंपो राहू द्या आप्पा, तुम्ही या." दुपारी कब्रस्तानात तीन मुठी माती टाकली तेव्हा कुठं मला कळलं, की आता बोलणी खायला माणूस राहिला नाही. त्याला दीड महिना झाला.

माझं शिक्षण चौथी. अंबडला माझा चिवड्याचा छोटा कारखाना आहे, बावीस माणसं कामाला. पहिली कढई मी स्वतः ढवळली, म्हणून आजही कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मुनीर मूळचा नांदगावचा. टेंपो त्याचा स्वतःचा. एकोणतीस वर्षं त्यानं माझा माल वाहिला, घोटीहून मुरमुरे, कुठून शेंगदाणे, कुठून मिरची, आणि तयार चिवडा दुकानादुकानाला. मी ओरडलो की म्हणायचा, "आप्पा, मी तुमचा नोकर नाय. टेंपो वळवला तर समोरचा बेकरीवाला हार घालून नेईल." मी म्हणायचो, "ने, वळव." एकोणतीस वर्षांत त्यानं एकदाही वळवला नाही आणि मीही म्हणायचं सोडलं नाही.

त्याची एक खोड होती. माल आणायला कुठंही गेला की गोण्या भरायच्या आधी तिथल्या एखाद्या कामगाराच्या खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "चल रे, बाहेर टपरीवर चहा मारू." आत कुणी चहा दिला तरी घ्यायचा नाही. बाहेरच पाहिजे, आणि कामगार बरोबर पाहिजे. त्या माणसाशी पाच मिनिटं गप्पा मारून परत यायचा आणि मग माल भरायचा. मला वाटायचं, याला चहाचं व्यसन आहे. साखरेचा आजार झाला तर बिनसाखरेचा प्यायला लागला, पण खोड गेली नाही. त्याच्यापायी माझा माल उशिरा येतो म्हणून मी कितीदा भांडलो असेन, त्याला हिशोब नाही.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीला आमचा चिवडा आवडला. सणाची मोठी ऑर्डर द्यायच्या आधी त्यांनी एक मॅडम पाठवली. तिच्याजवळ फॉर्म, पंचवीस-तीस पानांचा. सून वाचून दाखवायची, मी उत्तर द्यायचो. मॅडमनं विचारलं, "काका, तुमच्याकडे किंवा तुम्हाला माल देणाऱ्यांकडे आधुनिक गुलामगिरी आहे का?" मी म्हणालो, "आमच्याकडं साधा चिवडा, तिखट चिवडा आणि शेव. बाकी आम्ही काही बनवत नाही." मॅडम हसली. मग तिनं नीट सांगितलं. माणसाला कोंडून कामाला लावणं, त्याचे कागद अडकवून ठेवणं, त्याला सोडून जाऊ न देणं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "असलं काही नाही. लिहा, नाही." आणि प्रत्येक पानावर सही ठोकली.

तिसऱ्याच दिवशी मुनीर घोटीहून रिकामा आला. सणाची ऑर्डर डोक्यावर, आणि टेंपोत एक गोणी नाही.

"माल कुठाय?"

"भट्टीवरच हाय."

"का? भट्टी बंद पडली?"

"भट्टी जोरात हाय. सोमा चहाला आला नाय."

मला काही उमगेना. सोमा म्हणजे भट्टीवर नवीन आलेला सुरगाण्याकडचा माणूस. नवरा-बायको दोघं तापल्या वाळूत मुरमुरे फोडायचे. मुनीर म्हणाला, "तीनदा बोलावला. तिन्ही वेळा त्यानं आधी मालकाच्या खोलीकडं बघितलं. टपरी फाटकापासून तीस पावलं हाय, आप्पा. तर म्हणतो, बाहेर नाय जाता येत, आमचं आधार कार्ड मालकाकडं हाय."

"मग तुला काय करायचंय? तू मुरमुरे आणायला गेलता का माणसं तपासायला?"

तेव्हा तो गोणपाटावर बसला आणि इतक्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बाविसाव्या वर्षी तो परमुलखात एका खडी क्रशरवर डंपर चालवायला गेला होता. ठेकेदारानं लायसन काढून घेतलं. अकरा महिने फाटकाबाहेर पाय टाकू दिला नाही. "समोरच चहाची टपरी होती. वाफ दिसायची, वास यायचा. अकरा महिने नुसती वाफ बघितली..." एवढंच बोलला. कसा सुटला ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मी हट्टी माणूस. तरीही म्हणालो, "ते भट्टीवाल्याचं त्याच्यापाशी. माझ्या कारखान्यात असलं काही नाही. मी कागदावर सही केलीय." मुनीर उठला, कढईपाशी गेला. तिथं बिरजू शेव तळत होता, परराज्यातला, माझ्याकडं चार वर्षं. मुनीर म्हणाला, "बिरजू, चल, बाहेर चहा पिऊन येऊ."

बिरजूनं झारा थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

आता लिहितो, कारण मुनीरपासून लपलं नाही ते त्याच्यामागं कशाला लपवू. माझ्या फाटकाला दिवसभर कुलूप असायचं आणि चावी माझ्या कमरेला. वरच्या खोल्यांत राहणाऱ्या बाहेरगावच्या सात जणांची आधार कार्डं माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात. हरवू नयेत म्हणून! सुट्टीच्या दिवशी त्यांना दोघा-दोघांनी सोडायचो, बरोबर वॉचमन. शहरात चुकतील, कुणी फसवेल, असं मला मनापासून वाटायचं. मी स्वतःला त्यांचा बाप समजत होतो. ते मी मुनीरला सांगितलंही, "अरे, मी त्यांना पोटच्या पोरासारखं ठेवतो." तो म्हणाला, "तुम्ही चांगलेच हाय आप्पा. पण तो क्रशरवालाबी आम्हाला रोज पोटभर जेवायला घालायचा."

दोन दिवस मी कमरेची चावी चाचपत कारखान्यात फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला आणि सगळ्यांना कार्डं वाटली. मला वाटलं होतं, काही तरी गंभीर होईल. पण कार्डावरचे फोटो बघून असा हशा सुरू झाला, की कढई करपायची वेळ आली. बिरजूच्या फोटोत तर बिरजू सोडून बाकी सगळे दिसत होते. फाटकाची चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. त्याच दिवशी सातांतला एक जण बॅग भरून गावाकडं निघून गेला. मी मुनीरला म्हणालो, "बघ! बघ तुझे धंदे!" तर म्हणतो, "बघतोय की. फाटक चालू हाय म्हणायचं."

मग मी मॅडमला फोन लावला. म्हणालो, "माझा कागद परत पाठवा, त्यात खोटं लिहिलंय." तिनं मला ते दोनदा परत सांगायला लावलं. असं कुणी सांगितलेलं तिनं ऐकलं नसावं. कागद आला. मी सुनेला म्हणालो, मी सांगतो तसंच लिही: "आमच्याकडं होतं. आता नाही. घोटीचं बाकी आहे."

घोटीचं सोपं होतं, असं मला वाटलं. दुसऱ्या भट्टीवरून मुरमुरे घेऊ, झालं. पण मुनीर टेंपोच्या बोनेटला टेकून म्हणाला, "तुम्ही दुसरीकडून घ्याल. भट्टीवाला दुसऱ्याला विकंल. सोमा तिथंच राहील." मी टेंपोत चढून बसलो.

भट्टीवाला मला बघून खूश. "आप्पा, तुम्ही स्वतः? मुरमुरे कमी पडले का?"

"सोमाला चहाला न्यायला आलो."

"अहो, इथंच मागवतो की! स्पेशल!"

"मला बाहेर प्यायचाय. त्याच्याबरोबर."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "उचल घेतलीय त्यानं. पळून गेला म्हंजे?"

मी म्हणालो, "पळून कैदी जातो. कामाचा माणूस काम सोडून जातो. तू याला कोणत्या गुन्ह्यात धरलाय?"

तो खवळला. "आप्पा, तुमच्या फाटकाची चावी कुणाच्या कमरेला असती, अख्ख्या अंबडला माहीत हाय!"

मी चारचौघांत सदरा वर केला. नुसता करगोटा. म्हणालो, "बघ. हाय का चावी?" तिथली माणसं तोंड फिरवून हसायला लागली. मुनीर मात्र हसला नाही. शांतपणे म्हणाला, "कार्डं द्या शेट. नायतर आम्ही दोघं इथनं सरळ तहसीलला. टेंपोत डिझेल भरपूर हाय."

तासभर घालवला भट्टीवाल्यानं. शिव्या दिल्या, फोन केले, देवाची शपथ घातली. पण त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मी होतो. शेवटी डबा आणला, त्यातून कार्डं निघाली, दोन नाही, अकरा. सोमा आणि त्याची बायको फाटकातून बाहेर आली. मुनीरनं टपरीवर चार चहा सांगितलेच होते. पण ती दोघं टपरीपाशी थांबलीच नाहीत. बायकोच्या डोक्यावर गाठोडं, तिनं मागं बघितलंही नाही, सरळ एसटीच्या रस्त्याला लागली. सोमानं तेवढा लांबून हात वर केला. मुनीरही हात हलवत राहिला, दिसेनाशी होईपर्यंत. मी म्हणालो, "कुठं चालली असतील रे?" म्हणाला, "विचारायचं नाय." आणि ते चारही चहा आम्ही दोघांनी संपवले, त्यातले साखरेचे मी.

सणाची ऑर्डर त्या सालात अर्धीच पोचली. पण आम्ही ती भट्टी सोडली नाही. मुनीर दर खेपेला तिथल्या कुणाला तरी चहाला न्यायचा. त्यानंतर दोनदा तो पुन्हा रिकामा आला. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण माल मागितला नाही. पुढच्या साली मॅडम परत आली, तेव्हा तिनं विचारलं, "माल देणाऱ्यांची तपासणी करायची तुमची पद्धत काय?" मी मुनीरकडं बोट दाखवलं. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "याला नाव काय लिहू?" मुनीर म्हणाला, "चहा लिहा."

आता ते काम माझ्याकडं आलंय. गुडघे दुखतात, तरी टेंपोत बसून जातो. मागच्या आठवड्यात मुनीरच्याच नांदगावकडं शेंगदाण्याच्या एका नवीन ठिकाणी गेलो. एक पन्नाशीची बाई शेंगा निवडत बसली होती. मालक शेजारीच उभा. मी म्हणालो, "चला ताई, बाहेर चहा घेऊ." तिनं वर बघितलं, माझ्याकडं. मालकाकडं नाही. म्हणाली, "मला नको बाबा. तुम्ही प्या. माझ्या पोरीला बघायला पाहुणे यायचेत, मला घरी जायचंय." सूप आपटून उभी राहिली, पदर झटकला, मालकाला नुसतं "येते" म्हणाली आणि आमच्यासमोरून फाटकाबाहेर निघून गेली. या वयात मला तोंडावर कुणी चहाला नाही म्हटलेलं नाही. क्षणभर माझं टाळकं फिरलं. मग मी तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडं बघत राहिलो, काय ऐटीत चालली होती... नवीन ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. त्याला वाटलं, आता आप्पा भडकणार.

मी म्हणालो, "बघतोस काय? भर गोण्या."