काकवीचा डबा

दर थंडीत बायकोच्या माहेरच्या गुऱ्हाळावरून काकवीचा डबा यायचा. उसाच्या त्या दाट, तांबूस पाकात ती शेंगदाण्याचे लाडू वळायची. ती गेल्यावर यंदा डबा येणार नाही असं वाटलं होतं, पण मेव्हणा स्वतः घेऊन आला.

“लाडू कोण वळणार आता?” मी म्हणालो.

“भाकरीशी खा, दाजी. ताईला काकवी कधीच आवडली नाही. तुमच्यासाठीच मागवायची.”

मलाही काकवी फारशी आवडत नव्हती. तिच्या माहेरची म्हणून मी तीस वर्षं लाडू मागून खाल्ले. एवढं साधं आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नाही.

मेव्हणा गेल्यावर वाटीत काकवी घेऊन एकटाच बसलो. सावकाश बोटानं चाटत राहिलो. संपू नये असं पहिल्यांदाच वाटलं.