दत्तूमामा, जोखू आणि झाडावर चढलेली स्कूटी

वर्षभर टाळलं, आज लिहितो : दत्तूमामा झाडावरून पडून मेला नाही.

टाळायला कारणं भरपूर होती. कधी फोनला चार्जिंग नव्हतं, कधी मी हृषिकेशला होतो, कधी नुसताच आळस.

पण काल पानवाला पुन्हा कुणाला तरी सांगत होता, "पेड़ से गिरे थे।" साफ खोटं. मामा जन्मभर झाडावर होता आणि गेला तो पलंगावर. ताप आला, उतरला नाही. बस्स.

मामा म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ. घर बनारसला, पंचगंगा घाटावर, सगळे भिक्षुक. ह्याने एकट्याने फांद्या छाटायचा धंदा धरला.

का, विचारलं तर म्हणायचा, "मांडी घातली की पायाला मुंग्या येतात रे. वर पाय लोंबतात, बरं वाटतं."

मंत्राचा आवाज मात्र तसाच राहिला. फांदीवरून ओरडला की गंगेतल्या नावेतली माणसं वर बघायची.

लोक बोलवायचे आणि म्हणायचे, झाड कापू नका, थोडं हलकं करा. मामा भडकायचा. "मी काय पार्लर उघडलंय?"

असो. भरकटलो.

जोखू. मामाचा दोर धरणारा. तोंडात कायम पान.

आता हे काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गल्ल्यांत फांदी धाडकन पाडता येत नाही. खाली कुणाचं छत असतं, कुणाचं देऊळ, कुणाची म्हैस. म्हणून फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली आणायचा आणि खालच्या माणसाने बुंध्याला वेढे देऊन धरायचा. वरचा आधी खालच्या बाजूने थोडं कापतो, म्हणजे साल फाटत नाही. मग वरून. फांदी दोरावर लटकते, खालचा हळूहळू दोर सोडतो.

आणि एकच नियम.

वरचा विचारणार, "सोडू?"

खालचा म्हणणार, "पकड़े हैं, गुरु!"

हे उत्तर आल्याशिवाय करवत शेवटचं चालवायची नाही. जोखू बनारसी हिंदीत, मामा मराठीत. वर्षानुवर्षं असंच.

तर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत एक कडुनिंब होता. जाड फांदी एका छतावर वाळून बसलेली. पण बुंध्याशी कुणीतरी हनुमान बसवला होता, शेंदूर अजून ओला. त्याला वेढे कोण देणार?

जोखू म्हणाला, "खंभे में बाँधिए।"

"विजेच्या खांबाला? सगळे एकदम स्वर्गात जाऊ!"

मामाची नजर जोखूच्या नव्या स्कूटीवर गेली.

"गुरु, हाथ मत लगाइए। बिटिया दी है।"

मुलीने पहिल्या नोकरीत घेऊन दिली होती. जोखू तिला रोज पुसायचा, सीटवर स्वतःसुद्धा जपून बसायचा.

"अरे, डबल स्टँडवर आहे. हत्तीने ओढली तरी हलणार नाही!" मामाने स्वतः दोराची गाठ स्कूटीला मारली आणि वर गेला.

"सोडू?"

जोखू हाताची घडी घालून उभा. गप्प.

"सोडू का रे?"

गप्प.

मामाने कापली.

फांदी अगदी शहाण्यासारखी खाली आली. फक्त स्कूटी वर निघाली.

अर्ध्या वाटेत दोघांची भेट झाली. एकमेकांना साइड देऊन दोघं पुढे गेले.

स्कूटी बेचक्याखाली जाऊन लटकली. मग छतावरून एक माकड आलं, सीटवर बसलं, आरशात तोंड पाहिलं आणि आरसा उपटून घेऊन गेलं.

चहावाला म्हणाला, "जोखू भइया, लाइसेंस इन्हीं के नाम है का?"

मामा वरून, "बघ, छताला ओरखडा नाही!"

जोखू हसला नाही. स्कूटी उतरवल्यावर मला एवढंच म्हणाला, "गाड़ी का ग़म नहीं है। हम बोले नहीं थे। बिना बोले काट दिए।"

त्या दिवसापासून तो मामाशी बोलला नाही. काम सोडलं नाही हं! मामाचा दोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता, मामाही नव्हता. मग मध्ये मी.

"त्याला विचार, सोडू का?"

"पूछ रहे हैं, छोड़ें?"

"कह दो, रस्सी हाथ में है, दिखता नहीं?"

मी वर ओरडायचो, "धरलाय म्हणतो!"

"तो असं नाही म्हणाला. ऐकलं मी."

"मग मला कशाला विचारतोस, मामा?"

"तुला कुठे विचारतोय!"

एकदा हे चालू असतानाच मला फोन आला. मी बोलत बोलत मुन्शी घाटापर्यंत गेलो. परत आलो तर मामा वर करवत धरून तसाच, जोखू खाली दोर धरून तसाच. दोघं दोन दिशांना बघत.

मामाने खूप केलं. जिलबी आणली. नवा आरसा आणला. जोखूने तो माझ्या हातात ठेवला. माझ्याकडे गाडीच नाही.

मी म्हटलं, "सरळ माफी माग ना."

"मागतो रे. ताप उतरू दे."

मामाला पोचवायला जोखू घाटावरही आला नाही. मामीने दोर कुणाला दिला नाही, मामाच्या फोटोखाली खुंटीला टांगून ठेवलाय.

आज वर्षश्राद्ध. मामीने एक ताट जास्तीचं मांडलंय. सकाळपासून मी जोखूला फोन लावतोय, उचलत नाही. म्हणून इथे मामाच्या घरी वरच्या गॅलरीत बसून तुम्हाला लिहितोय.

थांबा. खाली कुणीतरी हॉर्न वाजवतंय.

स्कूटी आहे. आरसा एकाच बाजूला.

मामीने वाकून विचारलं, "कौन?"

जोखूने पान थुंकलं. पान थुंकून बोलताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. मग वर बघून, गल्ली दणाणेल अशा आवाजात :

"पकड़े हैं, गुरु!"

मामी दोर काढायला आत गेली. मी आरसा शोधतोय.

मामा, उत्तर आलं.