न वाचलेली पाटी

रघुअप्पा गेले, हे चेन्नईत, सिरुसेरीच्या ऑफिसात कळलं. रडू यायच्या आधी मला माझंच देणं आठवलं, हे आज कबूल करते. त्यांना दिलेला एक शब्द राहून गेला होता...

अप्पा तंजावरकडचे मराठी, राहायचे अण्णा नगरात. त्यांचे आजोबा मूकपटांच्या तंबूत पडद्याशेजारी उभे राहून त्यावर येणाऱ्या पाट्या मोठ्यानं वाचायचे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आजोबांकडून आलेला एक मूकपट अप्पा दरवर्षी आमच्या मराठी मंडळात दाखवायचे. पाट्यांची अक्षरं पार पुसट झालेली, म्हणून वहीतून वाचायला मी उभी! "तुझी मराठी पेपरासारखी ग... पण आवाज आहे, सरि, चालेल," म्हणायचे. त्यात एक पुढारी सभेत विधवाविवाहावर भाषण ठोकतो, टाळ्या घेतो आणि घरी येऊन, पुन्हा लग्न करू म्हणणाऱ्या स्वतःच्या विधवा मुलीला बाहेर काढतो. मग ती पाटी येते.

गेल्या वर्षी तिथं माझी बोबडी वळली. समोरच मंडळाचे अध्यक्ष बसलेले. जातपात मोडायला हवी, असं नुकतेच तासभर बोललेले आणि परजातीत लग्न केलं म्हणून लेकीला उंबरा चढू न देणारे. परमुलखात ही चार मराठी घरंच आपली, ती तुटली तर? मी आपलं "देव सगळं बघतो" असं काहीतरी दिलं ठोकून. परतताना अप्पा म्हणाले, "अय्यो, भ्यालीस? आजोबांवर चपला यायच्या, तरी वाचायचे. पुढच्या वर्षी वाच हं." मी हो म्हटलं.

आज संध्याकाळी अप्पांच्या शोकसभेत तोच मूकपट आहे. मागच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. "ती पाटी या वेळीही नको, दुःखाचा प्रसंग आहे." या वेळीही! म्हणजे मी पाटी बदलली, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि मी काय म्हणाले? "बरं, साहेब." तेव्हापासून स्वतःची चीड येते.

माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. म्हणून ती पाटी इथंच, या लेखात, छापायला दिली. अध्यक्ष ही पुरवणी सकाळी चहाबरोबर वाचतात. पाटी अशी: "टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोण हिला आज आपल्या घरात घेईल?"

अध्यक्षांची लेक माझ्याच ऑफिसात आहे. तीन वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतो, आणि घरी ये, असं मी तिला अजून एकदाही म्हटलेलं नाही.