सलीमच्या हातातून काढून घेतलेली पेनल्टी

मंडळी, दुपारी आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच बघून आलोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना आपल्याला पेनल्टी मिळाली. जिंकलो नाही तर स्पर्धेबाहेर. सलीमनं बॉल उचलला. या हंगामात त्याची एकही पेनल्टी चुकलेली नाही.

गॅलरी ओरडायला लागली, "संग्रामला द्या! सलीम कच खातोय!"

गेल्या वर्षी फायनलला सलीमची एक पेनल्टी हुकली होती. तीन वर्षांपूर्वीची फायनल संग्रामच्या किकवर जिंकली होती. लोकांना तेवढंच आठवतं.

कॅप्टननं गॅलरीचं ऐकलं. संग्रामनं बॉल बारवरून मारला आणि आपण बाहेर पडलो.

शेजारचे काका लगेच म्हणाले, "वारं लई हाय की आज. पोरगं काय करंल?"

"काका, गेल्या वर्षी सलीमला तुम्ही काय काय बोललासा?"

"त्येचं येगळं हाय."

बाहेर सलीम बूट काढत बसला होता. म्हणाला, "दादा, मारून चुकलो असतो तर चाललं असतं. आता न्हाय खेळायचं मला."

उद्या सकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. आज ओरडलेल्यांपैकी कोण कोण येतंय?