बाबांची म्हस आणि किचनचा पंखा

बाबांना जाऊन आज वर्ष झालं, आणि आमच्या घरात बोंबील तळले की अजूनही सगळे खोकतात.

दोष बाबांचाच. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातली आमची शेतं गोडाऊनखाली गेली आणि बाबा रिकामे झाले. बाकीच्यांनी गाड्या घेतल्या. बाबांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स काढलं.

छतावर अँटेना. माळ्यावर मशीन. आणि मशीनशेजारी त्यांनी स्वतः बनवलेला लोखंडी पेटीतला, सिग्नलची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. जड, काळा, सतत हुं-हुं करणारा.

त्याचं नाव म्हस.

बाबांना सगळं दोनदा बोलायची सवय. लग्नानंतर पहिल्या दिवशी मला म्हणाले, "ये ये. बस बस. जेव जेव." मला वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतं असा यांचा समज झालाय.

हे सगळं दोन हजारच्या दशकातलं. घरात मोबाईल आले होते, पण बाबांचे खरे मित्र हवेत होते. त्यातले सगळ्यात जवळचे केरळचे नायरसाहेब. रोज सकाळी चहाच्या वेळेला दोघांच्या गप्पा. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

आणि कधी ऐकलेलंही नाही. कारण गप्पा मोर्समध्ये. नुसतं टिक-टिक.

बाबांना तेच हवं होतं. मोर्समध्ये इंग्लिश अर्ध्या-अर्ध्या शब्दांचं असतं, त्यात "हाय-न्हाय" कळत नाही. नायरसाहेबांना वाटायचं, भिवंडीत कोणी मोठा साहेब बसलाय. बाबांनी तो गैरसमज जिवापाड जपला.

मग एका सकाळी पुण्याच्या एका हॅमने निरोप दिला. नायरसाहेबांच्या उजव्या हाताला लकवा मारलाय. जीभ शाबूत आहे, पण टिक-टिक करायची मोर्सची किल्ली चालत नाही. यापुढे फक्त माईक.

बाबा दोन दिवस माळ्यावर चढलेच नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, फोन करा ना त्यांना."

"फोनवर वलक कशी पटंल? त्याने मना कधी आयकलाच न्हाय."

म्हणजे बोलायचं तर हवेतच. पण म्हस होती मोर्ससाठी बनवलेली. मोर्सला तिने फक्त दोनच गोष्टी करायच्या: पूर्ण ताकद, नाहीतर झोप. माणसाचा आवाज तसा नसतो. तो हळू होतो, जोरात होतो. म्हस अर्धवट झोपेत असली की हळू आवाज गिळून टाकते आणि उरलेला फाडते. तिला सतत थोडी जागी ठेवावी लागते. त्याला बायस म्हणतात. एवढं मला याच घरात येऊन कळलं. माहेरी फक्त पापड शिकवले होते.

बाबांनी पेटी उघडली, काहीतरी फिरवलं, आणि मला म्हणाले, "पडघ्याला माहेरी जातंस ना? रिसीव्हर ने. आयक आयक, न् सांग."

मी माहेरी रिसीव्हर घेऊन गेले. माझ्या आईला वाटलं मिक्सर आणलाय.

ऐकलं. फोन केला. "बाबा, आवाज फाटतोय. एक शब्द कळत नाही."

"फाटू दे, फाटू दे."

"अहो, नायरसाहेबांना वाटेल मशीन खराब आहे."

"वाटू दे. मशीन खराब वाटला तं चालंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस मुद्दाम नीट करत नव्हता!

मी परत आले तोवर रोज सकाळी एकच चाललेलं. माळ्यावरून नायरसाहेबांचा आवाज यायचा. ते बाबांचा कॉलसाईन, म्हणजे हवेतलं नाव, पुकारायचे. बाबा फाटक्या आवाजात उत्तर द्यायचे. ते इंग्लिशमध्ये म्हणायचे, सॉरी, नॉट क्लिअर, टुमॉरो अगेन. आणि खरंच यायचे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना म्हस डोळ्यासमोर नको असायची. पण एक दिवस हातातली चपाती टाकून त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या.

"तो हात गेलेला मानूस रोज तुमाला हाका मारतंय, न् तुमी म्हशीच्या मागं लपता?"

बाबा वरून म्हणाले, "जागी ठेवली तं तापंल ती. पंखा न्हाय, पंखा न्हाय."

आई किचनमध्ये गेल्या. माझ्या नवऱ्याला हाक मारली. स्टुलावर चढवलं आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅन काढायला लावला.

"घ्या. आता काय न्हाय?"

आता काहीच नव्हतं. बाबांनी निमूटपणे पंखा म्हशीला लावला. बायस वाढवला, आवाजाची ताकद थोडी कमी केली. मी खाली रिसीव्हर लावून बसले. आवाज एकदम स्वच्छ.

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे जिन्यात. नायरसाहेबांनी पुकारलं. बाबांनी माईक उचलला.

"गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग. नायरसाब, कैसा हाय, कैसा हाय?"

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज. बाबांचा चेहरा पडला.

पण नायरसाहेबांचं हिंदी बाबांच्या वरताण निघालं.

"सब दो-दो बार! मोर्स में भी दो-दो बार! तुम ही है! तुम्हारा हाथ और तुम्हारा मुँह सेम है! सिग्नल फाईव्ह नाईन!"

फाईव्ह नाईन म्हणजे खणखणीत, एकदम स्वच्छ. हॅम लोक ते सढळ हाताने देतात, बाबा मात्र कधीच उगाच द्यायचे नाहीत. त्या दिवशी स्वतःला मिळालं तेव्हा डोळे पुसत बसले. आई म्हणाल्या, "रडता काय? उत्तर द्या त्याला."

पुढे कित्येक वर्षं दोघं बोलत राहिले. त्या भयंकर हिंदीत.

पंखा परत आलाच नाही.

आज नवऱ्याने किचनला नवा फॅन आणलाय. मी आईंना विचारलं, मग वरचा जुना काढू का? त्या म्हणाल्या, "र्‍हाव दे. म्हस तापंल."

मग मी वर गेले. म्हस चालू केली नाही, मला लायसन्स नाही. फक्त पंखा लावला आणि थोडा वेळ बसले. खूप आठवण आली.

तुमचा आवाज अजून येतो.

फाईव्ह नाईन, बाबा. फाईव्ह नाईन.