माईक बंद पडल्यानंतरचं भाषण

तीन वर्षांपूर्वी, जयंतीच्या संध्याकाळी, जऊळक्यातल्या आमच्या वस्तीत प्रमुख वक्त्याचं भाषण सुरू असताना माईक बंद पडला. दोन दिवसांनी त्याची बातमी छापून आली. ती मी लिहिली होती. त्या बातमीबद्दलचं खरं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, कार्यालयात नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

वक्ता होता सलीमभाई. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी तो आसपासच्या गावांत पाल टाकतो. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. दहावीनंतर तो शिकला नाही, मी शिकलो. हे इथे सांगायची गरज नव्हती — तरी सांगितलं. यावरून काय ते समजा.

भाषणं करायचो ती मी. पाठ केलेली, मुद्देसूद, वेळेत संपणारी. वस्तीत दर जयंतीला बाहेरचा कुणीतरी प्रमुख वक्ता येतो आणि त्याची ओळख मी करून देतो. आपल्या लोकांनी एकदा तरी आपल्याला त्या खुर्चीत बसवावं, एवढंच मला हवं होतं. शेजारच्या रिठद गावात एकदा संधी मिळाली होती. मी उभा राहिलो आणि माईकची शिट्टी सुरू झाली. मी कागदाची घडी केली, धन्यवाद म्हटलं आणि बसलो. त्याची बातमी कुठेच आली नाही. येणार कशी? बातम्या पाठवणारा मीच.

आणि त्या वर्षी समितीने सलीमभाईचं नाव ठरवलं. वस्तीतल्या बायांनीच ते सुचवलं होतं. मी हसून अनुमोदन दिलं. त्याची ओळखही मीच करून दिली. ती जरा लांबवली.

तो बोलायला उभा राहिला आणि थोड्याच वेळात वीज गेली. जनरेटर लागेना. लोक आपसांत बोलू लागले, मुलं पळू लागली, मागचे काहीजण कपडे झटकत उठले. मला त्या क्षणी काय वाटलं? आनंद. दुसरा शब्द नाही. आता हाही बसेल — मी वाट पाहत होतो.

तो बसला नाही. जनरेटरवाल्यावर सगळे ओरडत होते. हा मंचावरून म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, आज जयंती हाये. त्या जनरेटरलेबी सुट्टी पायजे!" लोक हसले. मग तो खाली उतरला. "माईक थकला बायाहो, मी नाई थकलो. या, सरका जवळ. बांगड्या भराले बसता तशा बसा."

पहिली कोण उठली? माझी आई. "इकून दिसत नाई, समोर बसू दे मले," म्हणत ती त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर जाऊन बसली. तिच्यामागे सगळ्या बाया गेल्या, मग पुरुष. बाजारात आरोळी देऊन तयार झालेला त्याचा गळा — शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

त्याने आजीची गोष्ट सांगितली. पूर्वी बांगड्यावाले आमच्या वस्तीतल्या बायांचा हात धरत नसत. बांगड्या दगडावर ठेवायचे, दूर सरकायचे. बाया आपापल्या चढवायच्या, निम्म्या फुटायच्या. सलीमभाईची आजी पहिल्यांदा वस्तीत आली तेव्हा खाली बसली आणि समोरच्या बाईचा हात तिने आपल्या हातात घेतला. ती बाई रडायला लागली. आजीला वाटलं, बांगडी रुतली. एवढीच गोष्ट. सांगून झाली तरी कुणीही जागचं हललं नाही.

इतकी वर्षं बातम्या लिहितोय. याहून चांगली बातमी माझ्या हाती कधी आली नव्हती. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं.

घरी जाताना आई म्हणाली, "तुले येते कारे असं बोलता?" तिच्या मनात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी बातमी लिहिली. प्रमुख वक्ते म्हणून सलीमभाई उपस्थित होते — खरं. वीज गेल्याने त्यांना भाषण थांबवावं लागलं — खरं. श्रोते जागेवरून उठले — तेही खरं. कुठे गेले, ते मी लिहिलं नाही. कार्यक्रम लवकर आटोपता घेण्यात आला — हे खोटं. आजीचा उल्लेख नव्हता. आईला वाचता येत नाही, वस्तीची बातमी मीच तिला वाचून दाखवतो. ही दाखवली नाही.

आमच्याकडे कोणत्या वक्त्याला बोलवायचं, हे गावोगावच्या समित्या कात्रणं बघून ठरवतात. ते कात्रण मोबाइलवर फिरलं. शिरपूरच्या लोकांनी सलीमभाईला पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं दिलं होतं. त्यासाठी त्याने नवा सदरा शिवायला टाकला होता. त्यांनी फोन करून नाही म्हटलं. त्याच्याकडून लोक धरून ठेवले जात नाहीत, असं त्यांनी वाचलं होतं.

सलीमभाई मला दुकानासमोर भेटला. रागावलेला नव्हता. "लेका, तू तं पुढच्याच रांगेत बसला होता ना?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, मी सगळं लिहिलं होतं, कार्यालयात जागा कमी पडली, खालचा भाग कापला. बातमी खालूनच कापतात, हे मी त्याला समजावूनही सांगितलं. त्याला ते पटलं. "जाऊ दे यार, तुयी मेहनत वाया गेली," म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो.

माझी बातमी कुणी कापली नव्हती. पाठवली तशीच छापली गेली होती.

त्यानंतर सलीमभाई कुठल्याही मंचावर बोललेला नाही. दुकान सुरू आहे. यंदाच्या जयंतीसाठी आमच्या वस्तीच्या समितीने पत्रिका छापली. प्रमुख वक्ता म्हणून तिच्यावर माझं नाव आहे. मी होकार कळवला आहे.